आधी वाफा, मग वर्ग

माझे आजोबा वरोऱ्याच्या बाजारात भाजी विकायचे. गिऱ्हाईक वांगं उलटंसुलटं करून पाहायचं आणि हळूच विचारायचं, ‘मियाँ, ही आनंदवनाची तर नाही ना?’ आजोबा म्हणायचे, ‘नाही हो, नाही.’ ते खरंच होतं. सुरुवातीची काही वर्षं त्यांनीही तिथली भाजी घेतली नव्हती. अब्बा हे सांगताना लपवाछपवी करत नसत.

शाळा आणि उद्योग यांनी एकत्र बसून शेती-बागायतीचे अभ्यासक्रम आखावेत, असं हल्ली सगळेच म्हणतात. आमच्या चांद्याकडे तसा एक प्रयोग पूर्वीच होऊन गेला. त्याला ते नाव मात्र कुणी दिलं नाही.

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. वाट्याला आलेली जमीन म्हणजे दगड, झुडपं, साप आणि विंचू. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. बोटं झडलेल्या हातांनी विहीर खोदली, वाफे केले, भाजी पिकवली. माल तयार झाला. गिऱ्हाईक मात्र मिळेना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे स्वयंसेवक तिथं बांधकामाला आले. ते तिथं राहिले आणि तिथलीच भाजी जेवले. ते पाहून वरोऱ्याची भीती हळूहळू ओसरली. आजोबांच्या गाडीवरही मग ती भाजी आली.

१९६४ मध्ये त्याच परिसरात आनंद निकेतन महाविद्यालय निघालं आणि १९६५ मध्ये कृषी महाविद्यालय. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. इमारतीसाठी घाम गाळला कुष्ठमुक्तांनी आणि शिकायला आली गावोगावची धडधाकट पोरं. ज्यांच्या हातची भाजी नको होती, त्यांच्याच दारात लोकांनी आपली मुलं शेती शिकायला पाठवली. माझा एक चुलतभाऊ त्यांतलाच.

इथला क्रम पाहा. आधी काम, मग बाजार आणि शेवटी वर्ग. एरवी आपण उलट करतो. १९८८-८९ पासून राज्यात अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. त्यांत उद्यानविद्याही होती. पोरांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकावं, ही कल्पना चांगलीच होती. पण आमच्याकडचे कारखाने कागदाचे, सिमेंटचे, खाणी कोळशाच्या. द्राक्षाला, संत्र्याला बाजार आहे, बागाईतदार आहे. मोहाच्या आणि चारोळीच्या झाडामागे कोण उभं राहणार?

बांबूचंच घ्या. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू लागायचा आणि गडचिरोलीच्या जंगलात तो मुबलक होता. कारखान्याच्या लेखी बांबू म्हणजे टनाचा हिशेब. तोडणाऱ्याच्या हातात कोयता असला की झालं. त्याला शिकवायची गरज कुणाला वाटणार? वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावाला मोजणी, विक्री, हिशेब, किती तोडायचा आणि किती राखायचा, हे सगळं स्वतःच पाहावं लागलं. मालकी आली आणि तिच्यामागून शिक्षण आलं.

२०१४ मध्ये चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. आता तो शेतकऱ्याच्या बांधावरचं पीक आहे. अभ्यासक्रम आखायला याहून चांगली वेळ कोणती?

एवढंच सुचवावंसं वाटतं. त्या बैठकीत प्राचार्य असावेत, कारखान्याचे साहेबही असावेत. पण तिसरी खुर्ची ग्रामसभेच्या माणसाची हवी आणि चौथी बाजारात बसणाऱ्याची. नाहीतर पोरं बांबूची शास्त्रीय नावं पाठ करतील आणि त्याचा भाव दुसराच कुणीतरी ठरवील.