कुलूप कोणाचें, किल्ली कोणाची?

चित्रपटाची तबकडी विकत घेणारा गृहस्थ नेमकें काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. दाम मोजले, वस्तु घरीं आली, तेथें व्यवहार संपला, असें कोणीहि म्हणेल. परंतु १९९६ च्या सुमारास डीव्हीडी नांवाची तबकडी बाजारांत आली, तेव्हां चित्रपट-निर्मात्यांनीं तिच्यावर सांकेतिक लिपीचें एक अदृश्य कुलूप घातलें. त्याची किल्ली परवाना घेतलेल्या यंत्र-कारखानदारांच्याच स्वाधीन केली. तबकडीवर ओरखडा पडला तर चित्रपट गेला; आणि तो जाण्यापूर्वीं जपणुकीसाठीं दुसरी प्रत करूं म्हटलें, तर कुलूप आड येई.

निर्मात्यांची धास्ती अनाठायीं नव्हती. अशा तबकडीची प्रत मुळाइतकीच स्वच्छ उतरते, आणि प्रतीची प्रतहि तशीच.

कुलूप मात्र फार भक्कम नव्हतें. १९९९ च्या ऑक्टोबरांत तें उघडणारी आज्ञावली इंटरनेटवर प्रसिद्ध झाली. तिच्या कर्त्यांपैकीं एक, नॉर्वेचा योन लेक योहानसेन, तेव्हां अवघा १५ वर्षांचा होता. स्वतःची तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहतां यावी एवढाच आपला हेतु होता, असा त्याचा बचाव होता. ओस्लोच्या न्यायालयानें जानेवारी २००३ मध्यें त्यास निर्दोष ठरविलें, व डिसेंबरांत वरिष्ठ न्यायालयानें तोच निकाल कायम केला. तबकडी रीतसर विकत घेतलेली असल्यामुळें तींतील चित्रपट पाहण्याचा हक्क खरेदीदाराचा आहे. आणि ती नाजूक, म्हणून स्वतःपुरती प्रत करण्याची मुभाहि त्यास हवी, असा त्या निकालाचा आशय होता.

अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें कुलूप उघडण्याचीं साधनें विकण्यासच बंदी केली होती. थ्री ट्वेंटी-वन स्टुडिओज ही कंपनी डीव्हीडीची प्रत करून देणारी आज्ञावली विकत असे. आपला धंदा कायदेशीर आहे असें न्यायालयानें जाहीर करावें, म्हणून २००२ मध्यें तिनें स्वतःच दावा लावला. फेब्रुवारी २००४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील संघराज्य-न्यायालयानें तिला विक्री बंद करण्याचा हुकूम दिला. गिऱ्हाईक पुढें त्या साधनाचा न्याय्य उपयोग करील, एवढ्यानें विकणारा सुटत नाहीं, असा न्यायाधीश सुसान इल्स्टन यांचा अभिप्राय पडला. ऑगस्टांत कंपनी बंद झाली.

सुमारें दोन महिन्यांच्या अंतरानें आलेल्या ह्या निकालांत विरोध दिसतो. पण दोन्ही न्यायालयांपुढील प्रश्न निराळे होते. एकानें तबकडीच्या मालकाचा हक्क तपासला, दुसऱ्यानें साधनाचा व्यापार. पुढें दुसऱ्या विचाराचीच सरशी झाली. २००५ मध्यें नॉर्वेनेंहि कायदा बदलून अशा कुलुपांस संरक्षण दिलें. विकत घेतलेला चित्रपट योग्य यंत्रावर पाहण्यापुरती सवलत मात्र राखली. प्रत करण्याचा हक्क कागदावर असला, तरी किल्ली विकणेंच बेकायदा ठरल्यावर सामान्य गृहस्थास त्याचा उपयोग उरत नाहीं. हक्काबरोबर तो बजावण्याचें साधनहि द्यावें लागतें, ही जुनीच गोष्ट ह्या चकचकीत तबकडीनें पुन्हां शिकविली.