नावं नसलेल्या पूर्वजांची जागा

घराण्याची स्मशानभूमी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे समाध्या येतात. दगडावर कोरलेलं नाव, बाजूला तुळस, वर्षातून एकदा लावलेला दिवा. पण जिथं नावच कोरलेलं नाही, तिथं विसावलेल्या पूर्वजांचं ऋण कसं मानायचं? मी अच्छाडचा, म्हणून मला हा प्रश्न जवळचा वाटतो. आमच्या गावाहून फार लांब नसलेल्या संजाणला, वरोळी नदीच्या खाडीकाठी, पारशी समाजाच्या पूर्वजांचा जुना दोखमा आहे.

पारशी धर्मात मृतदेह पुरत नाहीत, जाळतही नाहीत. गोल भिंतीच्या आत, उघड्या आकाशाखाली तो ठेवतात. पुढे अस्थी मधल्या विहिरीत जातात. राव असो वा रंक, विहीर सगळ्यांची एकच. म्हणून तिथं कुणाचं नाव सापडत नाही. नावं राहतात ती घरोघरच्या वहीत. तिला नामग्रहणाची वही म्हणतात. वर्षअखेरीच्या मुक्तादच्या दिवसांत फुलांनी सजवलेल्या कलशांसमोर ही नावं प्रार्थनेत घेतली जातात. आपला पितृपक्ष ज्या भावनेतून आला, तीच ही भावना.

इराणहून आलेले हे लोक संजाणला उतरले, असं 'किस्सा-ए-संजाण' हे १६०० च्या सुमारास रचलेलं फारसी काव्य सांगतं. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी घेऊन ते डहाणू तालुक्यातल्या बहरोटच्या डोंगरात बारा वर्षं राहिले, असंही त्यात आहे. काव्य घटनेनंतर फार उशिरा लिहिलं गेलं, म्हणून अभ्यासकांना जमिनीतला पुरावा हवा होता. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झालं. पश्चिम आशियातली झिलईची भांडी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि काच मिळाली. विटांचा दोखमाही उजेडात आला, आणि त्यात माणसांच्या अस्थी होत्या.

या अस्थींमधला डीएनए तपासून २०१७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की, या जुन्या नमुन्यांमधले आईकडून येणारे ४८ टक्के वंश दक्षिण आशियातले आहेत. सुरुवातीच्या वस्तीत इथल्या स्त्रिया या समाजात सामावल्या असाव्यात, असं संशोधकांचं अनुमान आहे. त्या कोण, कुठल्या गावच्या, हे कुठल्याही काव्यात नाही. पण दोखम्याच्या विहिरीत इराणी बापांच्या शेजारी इथल्या आयाही असाव्यात, असं समजायला आता आधार आहे.

म्हणून मला वाटतं, ही जागा केवळ एका समाजाची नाही. आपल्याकडेही पूर्वजांना जागा देण्याची रीत जुनीच आहे. डहाणू-जव्हारकडच्या आदिवासी पाड्यांच्या शिवेवर सागाच्या फळीवर घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य कोरून मेलेल्या माणसाची आठवण उभी केलेली असते. फळी ऊनपावसात झिजते. ती टिकते तोवर माणसं तिच्यापुढे थांबतात.

१ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली. संजाण गुजरातेत गेलं, अच्छाड, तलासरी आणि बहरोटचा डोंगर महाराष्ट्रात राहिला. एकाच कुळकथेची पानं दोन राज्यांत विभागली गेली. हजार वर्षांपूर्वी मात्र या भागाला एकच नाव होतं. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेल्या इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या हाताखालच्या एका अरब अधिकाऱ्याच्या कारभाराखाली 'संयान' मंडळाचा उल्लेख आहे, तेच हे संजाण.

१९२० मध्ये संजाणला उभारलेल्या स्तंभाजवळ पारशी बांधव दरवर्षी जमतात. आपल्या शाळांच्या सहली मात्र दूरच्या किल्ल्यांना जातात. खाडीचं पाणी काठ कुरतडत राहतं, जुन्या विटा कुणी घराच्या जोत्याला वापरल्या तर परत येत नाहीत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांना ही जागा ठाऊक झाली, तर एखादा तरी विटेला हात लावणाऱ्याला "थांबा" म्हणेल. नावं ठाऊक नसलेल्या त्या आयांसाठी इतकं तर आपल्याला करता येईल.