पोटफुगी

पोटफुगी : पोट तटतटणे, गच्च किंवा डब्ब वाटणे, आत गुडगुडणे, वारंवार ढेकर येणे आणि वात सरला की जरा हलके वाटणे, अशा तक्रारींचा समूह. आयुर्वेदात याला आध्मान म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. बहुतेक वेळा निरुपद्रवी आणि घरच्या घरी आटोक्यात येणारे.

आतड्यात वायू येतो तो दोन वाटांनी. एक म्हणजे जेवताना, बोलताना, चघळताना गिळलेली हवा. दुसरी वाट मोठ्या आतड्यात. लहान आतड्यात न पचलेला अन्नांश तिथे पोहोचला की सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेनही तयार होतो. या वायूंना वास नसतो. वास येतो तो अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंमुळे. दिवसातून दहा-वीस वेळा वात सरणे हे निरोगी माणसाचेही लक्षण आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ताट आणि पाळीचे काम यांचा पोटफुगीशी संबंध पाहण्यासाठी एक ठिकाण घेऊ. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला येथे मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. जिल्हा धानाचा. इकडच्या ताटात भात हा हवाच. सोबत धुऱ्यावरच्या तुरीचे वरण, हिवाळ्यात पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, आणि धान उभे असतानाच बांधीतल्या ओलाव्यावर फेकून घेतलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. पोट फुगले की यातला भात पहिला बदनाम होतो आणि ‘भात वातुळ, पोळी हलकी’ असा निकाल लागतो.

हा निकाल चुकीचा आहे. अमेरिकेतील मायकेल लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरनिराळ्या पिष्टमय पदार्थांनंतर श्वासातला हायड्रोजन मोजला. गहू, मका, बटाटा यांनंतर तो वाढला. तांदळानंतर जवळजवळ वाढलाच नाही. तांदळाचे पिष्ट लहान आतड्यातच जवळपास पूर्ण पचते, तर गव्हातील फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी माणसाला पचवताच येत नाही. शिजवून गार झालेल्या भातात न पचणारे पिष्ट थोडे वाढते, एवढे मात्र खरे. भाताची ढीगभर रास एका बैठकीत संपवली तर पोट ताणले जाणारच, पण तो दोष तांदळाचा नाही.

खरा वायू कडधान्यांचा. त्यांत रॅफिनोज आणि स्टॅचिओज या शर्करा असतात आणि त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. म्हणून कडधान्य सोडून द्यावे काय? मुळीच नाही. ज्या घरात प्रथिनांची मुख्य भिस्त डाळीवर आहे, तिथे ‘डाळ बंद करा’ हा सल्ला रोगापेक्षा महाग पडतो. उपाय भांड्यातच आहे. हरभरा, वाल, वाटाणा रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालावा. सकाळी पाण्यावर फेस आलेला दिसतो. ते पाणी फेकून, दाणे दोनदा चोळून धुवावेत आणि नव्या पाण्यात अगदी मऊ होईपर्यंत शिजवावेत. नको त्या शर्करांचा बराचसा भाग टाकलेल्या पाण्याबरोबर जातो. मोड आणल्यास आणखी घटतो. लाखोरीच्या बाबतीत तर पाणी टाकणे दुहेरी गरजेचे, कारण तिच्यात मज्जासंस्थेला अपाय करणारे द्रव्य असते आणि ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. भिजवून पाणी ओतल्याने ते द्रव्यही कमी होते, संपत नाही.

दुधानंतर पोट फुगत असेल तर दुग्धशर्करा न पचणे हे कारण असू शकते. भारतातील पुष्कळ प्रौढांत ते आढळते. त्यांना दही बहुधा सोसते.

खाणीसारख्या पाळीच्या कामात जेवणाच्या वेळा सरकतात, झोप मोडते, आणि अशा कामगारांत पोटाच्या तक्रारी अधिक दिसतात. त्यात विदर्भातला खर्रा. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटला जातो, आणि ‘याशिवाय पोट साफ होत नाही’ असे सांगत तो तोंडात जातो. निकोटिनने आतड्याला चाळवल्यासारखे होते हे खरे. पण सतत चघळण्यात हवाही गिळली जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाची किंमत देऊन पोट साफ करणे हा सौदा कोणालाच परवडणारा नाही.

पोट फुगलेले असूनही आत फाजील वायू नसतो, असेही घडते. बार्सिलोनातील संशोधकांनी सीटी स्कॅनमध्ये पाहिले, की अनेक रुग्णांत वायू फारसा वाढलेला नसतानाही श्वासपटल खाली सरकते, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येते. अशांना सावकाश, खोल श्वसनाच्या सरावाने आराम पडतो. बद्धकोष्ठ हेही एक मोठे, दुर्लक्षित कारण. शौच साफ होऊ लागले की बऱ्याच तक्रारी आपोआप विरतात.

ओवा, हिंग, बाळंतशोपा यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, पुरावा मात्र मर्यादित. चिमूटभर घेण्यास हरकत नाही. सोड्याने ढेकर येतो तो सोड्याचाच वायू असतो. जेवणानंतर लगेच आडवे होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे चालणे अधिक उपयोगी. आम्लपित्ताच्या गोळ्या वायूवरचे औषध नव्हेत. त्या महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेऊ नयेत.

वजन घटणे, शौचातून रक्त, सततची उलटी, रक्तक्षय, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा स्त्रियांत काही आठवडे न उतरणारी पोटफुगी असेल तर डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या बाबतीत अंडाशयाची तपासणी टाळू नये. आणि छातीत जडपणा, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.