निष्कास वायूंचे पुनरभिसरण : एका झडपेचा इतिहास

प्रस्तावना :

इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुराचा काही अंश पुन्हा त्याच इंजिनात सोडावयाचा, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटते. 'एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन' अर्थात ईजीआर ही व्यवस्था नेमके हेच करते. मात्र ती इंजिनाच्या गरजेतून निर्माण झाली नाही. शहराच्या हवेसाठी कायद्याने ती इंजिनावर लादली. तिचा पुढील इतिहास या विसंगतीतूनच घडला.

पार्श्वभूमी :

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळ्यांची आग करणारे धुरके पसरले. आरंभी कृत्रिम रबराचा कच्चा माल बनविणाऱ्या एका कारखान्यास दोष देण्यात आला. तो बंद ठेवूनही धुरके हटले नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हागेन-स्मिट हे तेव्हा अननसाच्या स्वादद्रव्यांवर संशोधन करीत असत. हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकारंभी दाखविले. संशयाची सुई मोटारीकडे वळली ती येथून.

कार्यतत्त्व :

हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन एरवी निष्क्रिय असतो. सिलिंडरमधील तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्याचा ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग होतो. जळून गेलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळला असता तो स्वतः जळत नाही, उष्णता मात्र शोषून घेतो. परिणामी ज्वलनाचे कमाल तापमान उतरते. डिझेल इंजिनात तो ऑक्सिजनचे प्रमाणही घटवितो. इंजिन थंड असताना किंवा पूर्ण शक्तीने चालताना पुनरभिसरण सामान्यतः बंद ठेवावे लागते. आरंभीच्या व्यवस्थेत हे नियमन इंजिनाच्या शोषणातून निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या जोरावर, रबरी नळीद्वारे होत असे.

कायदा आणि पळवाटा :

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७३ च्या मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा मैलामागे ३.१ ग्रॅम ठरली आणि ईजीआर सार्वत्रिक झाले. गाडी धक्के देते, अशा तक्रारी तत्काळ सुरू झाल्या. उपायही सोपा होता : ती रबरी नळी काढून टाकणे! उत्पादकही या मोहापासून सर्वस्वी अलिप्त नव्हते. प्रदूषण-नियंत्रण बंद करणाऱ्या तापमानसंवेदी स्विचांच्या प्रकरणी फोक्सवॅगनने १९७४ मध्ये दोष मान्य न करता १,२०,००० डॉलर भरले. याच कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकप्रणाली चाचणी ओळखून एरवी नियंत्रण शिथिल करते, असे २०१५ मध्ये उघड झाले. रस्त्यावरील उत्सर्जन मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत होते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी डिझेल मोटारींची मर्यादा किलोमीटरमागे २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. डिझेलच्या बाबतीत अडचण काजळीची आहे. तापमान उतरले की काजळी वाढते, आणि तीच काजळी झडपेत साचते. दुरुस्तीच्या व्यवसायात झडप स्वच्छ करण्याऐवजी पत्र्याची चकती लावून मार्गच बुजविण्याची युक्ती परिचित आहे. त्यानंतर गाडी चालकास सुधारल्यासारखी वाटते. सिलिंडरमधून अधिक प्रमाणात बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असल्याने त्याच्या दृष्टीस पडत नाही.