सरकीला लागलेलं कुलूप

१९०५ : जालना स्टेशनजवळ

डिसेंबरची सकाळ आहे. तुम्ही गाडीतून उतरता आणि कापसाच्या बैलगाड्यांमधून वाट काढत जिनिंगच्या शेडकडे निघता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी ही मीटरगेज लाईन निजामाच्या या मुलखात काही वर्षांपूर्वीच आली आणि तिच्या मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. शेडमध्ये पाऊल टाकताच इंजिनाच्या धडधडीने कान बधिर होतात. नाकातोंडात रुईची पूस जाते. उपरण्याने नाक झाका आणि सरकी काढणाऱ्या एका यंत्राजवळ, रेच्याजवळ, जाऊन उभे राहा.

चामड्याने मढवलेला एक रूळ फिरतो आहे. त्याला अगदी घासून एक पोलादी पातं बसवलेलं आहे. कापूस रुळावर पडला की चामडं तंतू पकडतं आणि पात्याखालून पलीकडे ओढून नेतं. सरकी जाड, ती पात्याशी अडते. तेवढ्यात खालीवर होणारं दुसरं पातं तिला ठोकरतं आणि तंतूपासून सोडवतं. पलीकडे रुई, खाली सरकी, आणि तंतूची लांबी शाबूत.

ही रचना अमेरिकेतल्या अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीची. तिचं पेटंट त्याने १८४० साली घेतलं. एली व्हिटनीच्या यंत्राला १७९४ साली पेटंट मिळालं होतं, पण त्यात दाते होते आणि ते लांब धाग्याचा कापूस तोडायचे. मॅकार्थीने दात्यांच्या जागी चामडं आणलं. आज, १९०५ साली, जालन्याचा मालक मॅकार्थीच्या वारसांना एक पैही देत नाही. पेटंटची मुदत कधीच संपली आहे. इंग्लंडमधले कारखाने असे रेचे बनवून जगभर विकताहेत आणि कोणीही हुशार कारागीर ते बनवू शकतो.

पेटंट हा मुळात समाजाशी केलेला सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती आकृतीसकट लिहून द्यायची, दुसऱ्याला ती वाचून तशीच वस्तू बनवता येईल इतकी उघड करायची. त्या बदल्यात काही वर्षं त्या वस्तूवर फक्त त्याचा हक्क. मुदत सरली की ती सर्वांची. तुमच्यासमोर धडधडणारा रेचा हे त्या सौद्याचं पूर्ण झालेलं रूप आहे.

बाहेर या. कापूस रिकामा करून एक शेतकरी सरकीची पोती गाडीत टाकतो आहे. थोडी सरकी ढोरांना जाईल, थोडी मृगात मातीत. त्या बियाण्याचा मालक तोच आहे आणि याबद्दल त्याच्या मनात शंकाही नाही. ते पोतं नीट पाहून ठेवा. पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट त्याचीच आहे.

१९६४ : जालना शहर

रेचे चालूच आहेत, निजाम गेला आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी याच वर्षी ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी’ सुरू केली आहे. सगळे तिला ‘महिको’ म्हणणार आहेत. भेंडीच्या एका वाफ्यापाशी थांबा. वाण आहे ‘पुसा सावनी’, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तयार झालेला. इतर भेंडीची पानं हळद्या रोगाने पिवळी पडत असताना हा हिरवागार उभा आहे. त्याचं चांगलं बी शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्यापासून बारवाल्यांनी सुरुवात केली.

हा सरळ वाण आहे. शेंडा राखून चार शेंगा वाळवल्या की पुढच्या वर्षी तशीच भेंडी येते. सरकारी संस्थेने वाण काढला, कंपनीने बी विकलं, शेतकऱ्याने राखलं. कोणाची अडवणूक नाही.

पण कंपनीच्या नावातला ‘हायब्रीड’ शब्द वाचा. ज्वारीचा पहिला संकरित वाण ‘सीएसएच-१’ याच वर्षी आला, पुढच्या वर्षी बाजरीचा ‘एचबी-१’ येईल. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार निघते, कणसं भरगच्च येतात. दुष्काळाशी झुंजणाऱ्या मराठवाड्याला हा जोम हवाच होता, आणि तो खेड्यापाड्यांत पोचवणाऱ्या बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता.

या जोमाला मात्र एक कुलूप आहे. संकरित पिकाचं बी राखून पेरलं, तर दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड उंच, एक खुजं, एकाचं कणीस भरलेलं, एकाचं पोचट. म्हणून दर वर्षी नवं बी विकत घ्यावं लागतं. नर कोणता आणि मादी कोणती, हे ज्याला माहीत आणि ते दोन्ही वाण ज्याच्या ताब्यात, किल्ली त्याच्याकडे. यासाठी पेटंट लागत नाही, कोर्ट लागत नाही. आणि पेटंटला जी असते ती मुदतही या कुलपाला नसते. युक्ती कुठे लिहून द्यावी लागत नसेल, तर ती सर्वांची होण्याचा दिवस येणार कसा?

१९८५ : कापसाचा सीड प्लॉट

सप्टेंबरची दुपार कलली आहे. पऱ्हाटी कमरेपर्यंत आली आहे. ओळीत बायका वाकून चालताहेत. तुम्हीही त्यांच्यात शिरा. आज ‘क्रॉसिंग’ आहे.

कापसाच्या फुलात नर आणि मादी एकत्र असतात, म्हणून संकर हाताने करावा लागतो. उद्या उमलणारी कळी शोधायची; ती थोडी फुगलेली, फिकट पिवळसर दिसते. अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी लावायचं, गोल फिरवायचं आणि पाकळ्यांची टोपी पुंकेसरांसकट अलगद उपसायची. मधली कुक्षी उघडी राहते, मोहरीएवढाही ओरखडा तिला चालत नाही. मग वर लाल कागदाची पिशवी चढवायची, म्हणजे सकाळी ती लांबून दिसते. तुमची पहिली कळी मोडते. शेजारची बाई न बोलता तुमचा हात धरते, नख कुठे लावायचं ते दाखवते आणि पुढे सरकते. तुमची दुसरी कळी होईपर्यंत तिच्या पाच झालेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत परत यायचं. नराच्या ओळीतली ताजी फुलं टोपलीत खुडून आणायची, पिशवी काढायची, नराचं फूल कुक्षीवर हलकेच घासायचं, देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेलं बोंडच संकरित. त्या एका बोंडातून जेमतेम वीस-पंचवीस सरक्या मिळतात.

कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण, ‘एच-४’, सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. १९८४ साली नांदेडच्या केंद्राचा ‘एनएचएच-४४’ आला आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात पसरला. कापसाचं संकरित बी इतक्या मोठ्या प्रमाणावर पिकवणं भारताला जमलं, ते या नखांच्या जोरावर. त्या कौशल्याला पेटंट नाही, त्यावर कोणाचं नाव नाही. आंध्र-गुजरातच्या प्लॉटवर तर लहान लेकरांचे हातही या कामाला जुंपले गेले. बियाण्याची मालकी कोणाची, असं कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी हा दोरा आठवा.

२००२ : दावलवाडी

बदनापूरजवळच्या दावलवाडीत महिकोचं संशोधन केंद्र आहे. १९९५ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने कंपनीला अमेरिकेतून बीटी कापसाचं १०० ग्रॅम बी आणायची परवानगी दिली. ओंजळीत मावेल एवढी ती सरकी. त्या ‘कोकर-३१२’ वाणात ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतल्या जिवाणूचं एक जनुक घातलेलं होतं, ‘क्राय-१एसी’. त्यातून बनणारं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात सक्रिय होतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि मरते. हे जनुक पिढ्यान् पिढ्या संकर करत इथल्या वाणांत उतरवलं गेलं.

१९९८ साली महिको आणि अमेरिकेची मॉन्सॅन्टो कंपनी यांची भागीदारी झाली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी दिली.

आता मृगाच्या तोंडावर जालन्याच्या मोंढ्यातल्या दुकानात उभे राहा. ४५० ग्रॅमच्या बॅगेला सोळाशेच्या आसपास रुपये मोजावे लागताहेत, त्यातला मोठा हिस्सा जनुकाचा. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही, की या पहिल्या जनुकाचं पेटंट भारतात घेतलेलंच नव्हतं. पैसे घेतले जात होते ते कंपन्यांमधल्या करारांच्या जोरावर, आणि त्या कराराला बळ होतं संकराच्या कुलपाचं. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, तेव्हा बॅग साडेसातशेवर आली. त्याच वर्षी दोन जनुकांचं ‘बोलगार्ड-२’ हे बीटी बियाणं आलं आणि त्यातल्या दुसऱ्या जनुकाला २००८ साली भारतीय पेटंट मिळालं.

२०१७ : जालना जिल्ह्यातलं एक रान

पाऊस चांगला झाला, पऱ्हाटी छातीला लागली आहे. एक फूल हातात घ्या. पाकळ्या उमलायच्या सोडून एकमेकींना चिकटल्या आहेत. ही डोमकळी. पाकळ्या सोलल्या की आत गुलाबी अळी वळवळते आहे. एक हिरवं बोंड फोडा. सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली.

बोलगार्ड-२ च्या दोन जनुकांनाही अळी सरावली होती. बॅगेसोबत १२० ग्रॅम साध्या सरकीचं पाकीट मिळायचं. ते बांधाच्या कडेने पेरायचं, म्हणजे तिथल्या साध्या अळ्या टिकून राहतात आणि प्रतिकार वाढायला वेळ लागतो. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. दीड-दोन एकराच्या धन्याला चार ओळी अळीला सोडायला सांगणं, तेही नीट न समजावता, म्हणजे सगळा भार त्याच्याच डोक्यावर टाकणं. त्यात कापूस लांबत जाऊन फेब्रुवारीपर्यंत उभा राहिला की अळीला बारमाही घर मिळतं. कुलूप लावलेल्या बियाण्याची किंमत इथे या रानातून वसूल झाली.

२०१९ : दिल्ली

आता कोर्टात मागच्या बाकावर बसा. मॉन्सॅन्टो आणि नुझीवीडू सीड्स ही बियाणे कंपनी यांचा बोलगार्ड-२ च्या त्या पेटंटवरून वाद आहे. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(जे) सांगतं की वनस्पती, त्यांचे भाग आणि बी यांना पेटंट मिळत नाही. मग प्रयोगशाळेत तयार केलेलं जनुक सरकीत उतरलं की ते बी होतं की शोधच राहतो? ११ एप्रिल २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पेटंट रद्द केलं. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला. इतका गुंतागुंतीचा प्रश्न साक्षीपुराव्याशिवाय सोडवता येणार नाही म्हणत प्रकरण परत पाठवलं. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. २०२१ साली दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं. देशातल्या शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला. तोवर सरकारने दर नियंत्रणात घेतले होते; २०१६ साली ८०० रुपयांच्या बॅगेत जनुकाचे फक्त ४९ रुपये धरले होते.

कायद्याने शेतकऱ्याला मात्र एक मोठी गोष्ट दिली आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार तो आपल्या शेतातलं बी राखू शकतो, पेरू शकतो, वाटू आणि विकूही शकतो, फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावून, ब्रँडेड बी म्हणून विकू शकत नाही. हा हक्क जगात फार थोड्या देशांत आहे. पण राखलेलं बी उगवून तसंच यायला हवं ना? संकरित बियाण्यापुढे हा हक्क कागदावरच राहतो.

आज : नांदेड आणि बदनापूर

शेवटचा मुक्काम जवळचाच. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातली ‘बीडीएन-७११’ तूर मराठवाड्यात घरोघर आहे. ती सरळ वाणाची आहे. शेजाऱ्याकडून पायलीभर आणली तरी चालते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून परभणीच्या कृषी विद्यापीठाने एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ हे बीटी कापसाचे सरळ वाण दिले आहेत. एकेकाळी ज्या जनुकासाठी शेकडो रुपये मोजले, ते आता राखून पेरता येणाऱ्या सरकीत आलं आहे. गुलाबी अळीवर हा उतारा नव्हे. तिच्यासाठी लवकर येणारं पीक, वेळेवर पऱ्हाटी काढणं आणि सापळे लागणारच. पण पीक फसलं तर बियाण्याचे पैसे तरी बुडत नाहीत, आणि कोरडवाहू माणसाला हा मोठा आधार आहे.

शोधाला मोबदला मिळायलाच हवा. १०० ग्रॅम सरकीतून देशभर पसरलेला वाण उभा करणाऱ्या शास्त्रज्ञांचे कष्ट खरे आहेत. पेटंट त्या मोबदल्याची मुदत ठरवतं आणि नंतर वस्तू सर्वांच्या हवाली करतं, म्हणून त्यात न्याय आहे. मुदत नसलेल्या कुलपात तो नाही. राखता येणाऱ्या बियाण्यात कंपनीला वर्षानुवर्षं नफा नसतो. असं बी फक्त आपल्या पैशावर चालणारी विद्यापीठंच काढू शकतात. तिथल्या रिकाम्या जागा भरा, बीजोत्पादनाला निधी द्या, ही मागणी कर्जमाफीच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी. आणि पुढच्या मृगाआधी कृषी सेवा केंद्रात गेलात की भावाच्या आधी एक प्रश्न विचारा : वाण सरळ आहे की संकरित? पुरेशा शेतकऱ्यांनी तो विचारला, तर सरळ वाणाची पोती दुकानात पुढे येतील.