देवाचे भय : दासाचे आणि पुत्राचे

ख्रिस्ती धर्मवाङ्मयात ‘देवाचे भय’ हा शब्दप्रयोग परस्परविरोधी वाटावा अशा दोन अंगांनी येतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथात हे भय ज्ञानाचा आरंभ मानले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात मात्र पूर्णत्वाला गेलेली प्रीती भयाला हद्दपार करते, असे प्रतिपादन आहे. दोन्ही ग्रंथ एकाच पवित्र शास्त्रातले. त्यामुळे एकाचा स्वीकार करून दुसऱ्याचा त्याग करण्याची मुभा ख्रिस्ती विचारवंतांना नव्हती. या अडचणीतून जो विचार शतकानुशतके घडत गेला, त्यात मरणशय्येवर नरकाच्या धास्तीने पस्तावलेल्या सामान्य माणसाला तरणोपाय आहे की नाही, हा प्रश्न पणाला लागलेला होता.

विरोधाचे बीज जुन्या करारातच आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतावरील गर्जना, विजा आणि धूर पाहून इस्राएल लोक कापत दूर उभे राहतात. तेव्हा मोशे त्यांना भिऊ नका असे सांगतो, आणि त्याच दमात, देवाचे भय तुमच्या ठायी राहावे म्हणूनच हे घडले, असेही सांगतो. दोन्ही ठिकाणी हिब्रू धातू एकच आहे. एक भीती माणसाला देवापासून पळवते. दुसरे भय त्याला पापापासून थोपवते. मराठीला हा भेद अपरिचित नाही. ‘भित्रा’ ही निंदा आहे, पण ‘पापभीरू’ ही प्रशंसा आहे. पापभीरू माणूस शिक्षेला नव्हे, पापालाच भितो, हे त्या शब्दात गृहीतच धरलेले असते.

पुढे भाषांतरकारांनीही या शब्दाला वळण दिले. यशयाच्या अकराव्या अध्यायात ‘परमेश्वराचे भय’ हे पद लागोपाठ दोनदा येते. ग्रीक भाषांतरकारांनी पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘भक्तिभाव’ असा केला, दुसऱ्या ठिकाणी ‘भय’ कायम ठेवले. लॅटिन पाठाने तेच स्वीकारले, आणि पवित्र आत्म्याच्या सहा वरदानांची सात वरदाने झाली. भय आणि भक्ती एकाच मूळ शब्दाची दोन रूपे ठरली, हा योगायोग पुढील विचाराला पोषकच झाला.

पाचव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतील हिप्पो येथे योहानाच्या पत्रावर प्रवचने करताना ऑगस्टीनने या कोड्याला हात घातला. त्याचा दृष्टान्त घरगुती आहे. दोन स्त्रिया आहेत. दोघींनाही पतीचे भय वाटते. व्यभिचारिणीला भय आहे तो येईल याचे, पतिव्रतेला भय आहे तो सोडून जाईल याचे. पहिल्या भयाला प्रीती घालवते, दुसरे प्रीतीतूनच उपजते. तरीही ऑगस्टीन पहिल्या भयाला तुच्छ लेखत नाही. सुई शिरल्यावाचून दोरा आत जात नाही. भय ही सुई, प्रीती हा दोरा. पुढील आठशे वर्षांच्या चर्चेचे सार या एका उपमेत सामावले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने भयाचे काटेकोर वर्गीकरण केले. दासाचे भय शिक्षेचे असते, पुत्राचे भय पित्याला दुखावण्याचे असते, आणि हे दुसरे भय स्वर्गातही उरते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

सुई शिरली, पण दोरा आलाच नाही, तर काय? सोळाव्या शतकाला हा प्रश्न फार जिव्हारी लागला. २ जुलै १५०५ रोजी स्टोटर्नहाइमजवळ वादळात सापडलेल्या मार्टिन लूथरने विजेच्या कडकडाटात संत अ‍ॅनाचा धावा करून संन्यास घेण्याचा नवस बोलला, आणि त्याच महिन्यात तो एरफुर्टच्या मठात दाखल झाला. म्हणजे त्याच्या धर्मजीवनाचा प्रारंभच भयातून झाला होता. १५०७ साली पहिला मिस्सा अर्पण करतानाही तो थरथरला. १५१७ च्या पंचाण्णव प्रबंधांत क्षमापत्रांवरील टीका सर्वांना आठवते. मरणोन्मुख माणसाची प्रीती जितकी अपुरी तितके त्याचे भय मोठे, आणि ते भयच शुद्धिस्थानाची यातना होण्यास पुरेसे आहे, हा विचारही तेथेच आहे, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. हे अनुभवाने पोळलेल्या माणसाचे निरीक्षण आहे. पुढे तो आणखी कठोर झाला: पापांची यादी आणि नरकाची धास्ती यांतून उपजलेला अनुताप माणसाला दांभिकच बनवतो, असे तो म्हणू लागला. जून १५२० च्या आज्ञापत्रात पोप दहाव्या लिओने त्याची जी एकेचाळीस विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत हेही होते.

असे असूनही लूथरने भय हा शब्द टाकला नाही. १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेच्या अर्थात भय, प्रीती आणि भरवसा एकत्र आहेत, आणि पुढील प्रत्येक आज्ञेचे विवरण देवाचे भय आणि प्रीती या जोडीनेच सुरू होते.

रोमचे उत्तर ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने २५ नोव्हेंबर १५५१ रोजी दिले. पापाच्या कुरूपतेच्या विचारातून किंवा नरकाच्या भयातून आलेला अपूर्ण अनुताप, पापाची इच्छा सोडून क्षमेची आशा धरत असेल, तर तो दंभ नव्हे, देवाचे दान आहे. तो एकटा पुरेसा नाही, परंतु पापनिवेदनाच्या संस्कारात कृपा मिळण्यास तो माणसाला सिद्ध करतो. योनाच्या घोषणेने घाबरलेल्या निनवेकरांचे उदाहरण परिषदेने दिले. या निर्णयात भ्यालेल्या माणसाविषयी एक करुणा आहे, हे लूथरच्या पक्षपात्यानेही मान्य करावे.

वाद मात्र शमला नाही. अशा अनुतापात देवप्रीतीचा निदान अंकुर तरी हवा की नको? १६५६ साली पास्कालने आपल्या दहाव्या प्रांतीय पत्रात, प्रीतीशिवायच भागते असे शिकवणाऱ्या येशूसंघीयांवर कडाडून हल्ला चढवला. देवावर प्रेम करण्यापासून सूट मिळणे हीच का ख्रिस्ताच्या बलिदानाची फलश्रुती, असा त्याचा रोख होता. अखेर १६६७ मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरने दोन्ही पक्षांना एकमेकांची निर्भर्त्सना करण्यास मनाई केली. कोणता पक्ष बरोबर, हे मात्र त्याने सांगितले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही नरकाच्या भयातून आलेल्या अनुतापाला देवाचेच दान म्हटले आहे, आणि गंभीर पापांच्या क्षमेसाठी तो स्वतः अपुरा आहे, हा ट्रेन्टचा निर्बंधही तेथे कायम आहे.