'नील्सन' म्हणजे काय? या डॅनिश आडनावामुळे मुलीही 'मुलगा' कशा झाल्या?

नील्सन हे डेन्मार्कमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. 'सेन' म्हणजे मुलगा. त्यामुळे नील्सन म्हणजे 'नील्सचा मुलगा'. नील्स हे निकोलसचं डॅनिश रूप.

आडनाव कायमचं कसं झालं?
पूर्वी हे नाव दर पिढीला बदलायचं. नील्सचा मुलगा येन्स असेल तर तो येन्स नील्सन, पण येन्सचा मुलगा येन्सन. मुलगी असेल तर 'नील्सडॅटर', म्हणजे नील्सची मुलगी. 1828 चं फर्मान आणि 1856 च्या कायद्याने घराण्याचं एकच आडनाव ठरवायला सांगितलं. मग मुलींनाही 'सेन' लागलं आणि 'डॅटर' मागे पडलं.

जुनी पद्धत मात्र लगेच संपली नाही. 1865 मध्ये जन्मलेले संगीतकार कार्ल नील्सन यांच्या वडिलांचं नाव होतं नील्स यॉर्गनसन!

टीव्ही रेटिंगवालं 'नील्सन' कोणतं?
ती अमेरिकी कंपनी. डॅनिश वंशाच्या आर्थर नील्सन यांनी 1923 मध्ये ती सुरू केली.

आता 'डॅटर' लावता येतं का?
हो. 2006 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार आई किंवा वडिलांच्या नावाला 'डॅटर' जोडता येतं.